कपाटाचं दुसरं टोक

मुक्काम: वरची खोली
ता. ४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी तक्रार. चार पानं लिहिलीस, त्यात मी विचारलेलं सोडून सगळं आहे. दादाच्या दुकानात दुरुस्तीला पंखे किती आले, शेजारच्या काकूंचा गुडघा, तुझ्या शिलाई मशीनची सुई. आणि ती? ती दिसली का, काही बोलली का, एवढंच विचारलं होतं ना मी? फोनवर हे विचारता येत नाही. फोनशेजारी बाबा पेपर उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत, हे तूच सांगितलंस. म्हणून तर हा पत्रांचा खटाटोप.

कामाचं विचारलंस. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. लोक एक घर सोडून दुसऱ्यात जातात. आम्ही त्यांचे पलंग, कपाटं, फ्रिज खाली उतरवतो, गाडीत घालतो, पुन्हा वर चढवतो. गंमत बघ, या परक्या देशात ओळखीचं कुत्रं नाही, पण रोज कोणाच्या तरी घरात मी थेट झोपायच्या खोलीपर्यंत जातो. कोणाच्या पलंगामागे भिंतीला ओल आलीय, कोणते नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात, सगळं मला ठाऊक. आजवर एकाही घरात कोणी बस म्हणालेलं नाही. म्हणतील कसे, खुर्च्या गाडीत असतात.

माणसं वाईट नाहीत. माझ्या खालच्या मजल्यावरचा गृहस्थ रोज माझ्यासाठी दार धरून उभा राहतो, हसतो. एकदा त्याला म्हटलं, चहाला या वर. त्यानं असं बघितलं की जणू मी उसने पैसे मागितले. दार अजून धरतो, पण हसणं जरा आखडतं घेतलंय.

एक जोडीदार मात्र आहे. इथलाच, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. उभा राहिला की दार भरतं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात खांब म्हणतो. कपाट उतरवताना तो खालच्या टोकाला, मी वरच्या. मधे कपाट, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. दुसरा थांबला की वळला, हे नुसतं हाताला कळतं. दिवसभराचं आमचं बोलणं म्हणजे उचल, थांब, वळव, टेक. परवा सामान उचलायच्या पट्ट्यानं माझ्या तळहाताची सालं निघाली. त्यानं आपले हातमोजे काढून माझ्याकडे फेकले आणि उघड्या हातांनी फ्रिज उचलला. खोलीवर आल्यावर मी बूटसुद्धा न काढता कितीतरी वेळ तसाच बसून होतो. असं कोणी काही केलं की इथे फार लागतं गं.

तिला भेटलीस तर सांग, दुसऱ्या वर्षाला कॉलेजला रामराम ठोकला तो मौज म्हणून नाही. तिच्या वडिलांच्या तोंडावर सांगून आलोय, कमवून दाखवीन. ते दाखवणं चालू आहे.

दादाला नमस्कार. बाबांना सांगावंसं वाटलं तर सांग. लोभ आहे तो राहू दे, थोडा वाढलाच तर इथे ठेवायला जागा भरपूर आहे.

तुझा दीर


ता. १४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमची तक्रार पोचली. उत्तर देत नाही म्हणजे विसरले असं नाही, सध्या लग्नाचे ब्लाउज अंगावर आलेत. तिच्याबद्दल सावकाशीनं लिहीन. तोवर जीव टांगणीला लावून बसू नका, वजनं उचलायचं काम आहे तुमचं.

इथे सगळं ठीक. तुमचं पत्र आलं की बाबा म्हणतात, मला काय त्याचं. मग तासाभरानं चष्मा शोधायच्या निमित्तानं माझ्या मशीनपाशी येतात. चष्मा डोळ्यांवर असतो. परवा तुमच्याबद्दल विचारलं, आपली तोफ काय म्हणते? मी म्हटलं, थंड आहे. तर म्हणाले, थंडीच असेल तिकडे, स्वेटर नेलाय का त्यानं. मी सांगितलं नेलाय. नेलाय ना?

तुमचा तो खांब मला आवडला. तुमचे दादा असेच. लग्नाला आठ वर्षं झाली, माझं कौतुक केलेलं आठवत नाही. पण मशीनचं पायडल जड झालं की सकाळी उठेपर्यंत तेल घातलेलं असतं. अशा माणसाला बोलतं करायला जाऊ नका. आणि दर गोष्टीत आपला कोण, परका कोण असा निवाडा करत बसू नका. तुम्हाला सवय आहे ती. शाळेत असताना तुमचा डबा खाल्ला नाही म्हणून मित्राशी वर्षभर बोलला नव्हतात.

जेवण वेळेवर करा. ही माया अशीच राहील, तुम्ही भांडलात तरी.

तुमची वहिनी


ता. १ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज अक्षर वाईट येईल, सांभाळून घे.

एका म्हाताऱ्याचं घर हलवत होतो. तिसरा मजला, अरुंद जिना, जुनं शिसवी कपाट. आम्ही पट्टे लावत होतो तेव्हा म्हातारा माझ्यादेखत खांबाला म्हणाला, त्या पोराच्या हातांवर लक्ष ठेव, आत बायकोचे दागिने आहेत. मला त्यांची भाषा कळत नाही असं त्याला वाटलं. कळते. न कळती तर बरं झालं असतं. खांब काय म्हणाला असेल? नुसतं बरं म्हणाला. आणि मला म्हणाला, उचल.

उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आलो. म्हातारा मागून उतरत बजावत होता, भिंतीला लावू नका, कोपरा सांभाळा, आणि मधेच पुटपुटला की हल्ली असलीच माणसं पाठवतात. वहिनी, माझ्या डोक्यात सणक गेली. मी कपाटाच्या वरून खांबाला ओरडलो की तू बोल ना काहीतरी. पलीकडून आवाज आला, आधी खाली ने. मी म्हाताऱ्याकडे वळलो. वळताना हात सुटले. सुटले कसले, सोडले.

कपाट घसरत गेलं. खांब ओरडलासुद्धा नाही. मी वाकून बघितलं तर त्याचा पाय कपाटाखाली आणि तो दोन्ही हातांनी कपाट अजून धरून. सोडलं असतं तर खालच्या पायरीवर आमच्या गाडीचा ड्रायव्हर होता.

पायाची हाडं मोडली. प्लास्टर घातलंय. दवाखान्यात मला आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमानं बोलावलं, मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेलो. तो म्हणाला, नवा जोडीदार मिळेपर्यंत तू कपबशा गुंडाळ. बस. मागून ड्रायव्हरनं सांगितलं की खांबानं आपलाच हात निसटला असं सांगितलंय.

आता सांग, हा माणूस माझा कोण? मित्र म्हणावं तर म्हाताऱ्यासमोर तोंडातून एक शब्द काढला नाही. परका म्हणावं तर स्वतःवर घेतलं. मला या लोकांचं काही कळत नाही आणि कळून घ्यायची ताकद राहिलेली नाही. दिवसभर जुन्या वर्तमानपत्रांत कपबशा गुंडाळतो. खोलीत एकट्यानं बसतो. दिवसात माझं नाव कोणी घेत नाही.

मी परत येतोय. पगार हातात पडला की मुकादमाच्या तोंडावर खरं काय ते सांगतो, त्या म्हाताऱ्याचं नवं घर ठाऊक आहे, त्यालाही दारात जाऊन सुनावतो, आणि निघतो. तिला सांग मी येतोय. बाबांचं तू बघ.

इतका लोभ केलास, आता थोडी बाजू घे.

तुझा दीर


ता. १२ मार्च

चि. भाऊजी,
आशीर्वाद आहेतच, आज ते शेवटी. आज अहो-जाहोही बाजूला ठेवते.

तू येऊ नकोस. निदान असा येऊ नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हातारा काय म्हणाला, तुझ्या डोक्यात काय गेलं, सगळं आहे. ज्याचा पाय मोडला त्याच्याबद्दल दोन ओळी. त्याला घरी जाऊन भेटलास का? त्याच्या घरी कोण आहे? त्याला पाणी कोण देतं? एक अक्षर नाही. बाहेरच्या बाहेर त्याचा निवाडा करून मोकळा झालास. आजारी माणसाकडे कोणी विचारून जात नाही. ऊठ आणि जा. हात हलवत जाऊ नकोस, फळं ने.

आता तिचं. सांगायचं टाळत होते, कारण तू तिकडे एकटा. ती जानेवारीतच आली होती, आईचे ब्लाउज न्यायला. तुझं नाव मीच काढलं. ती खाली मान घालून कापडाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांना कॉलेज सोडायला सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी सोडलं असं सगळ्यांना सांगून ते गेले, आणि वर्गात मला बसावं लागतं." तू तिच्या वडिलांशी तिच्या दारात उभा राहून तावातावानं बोललास, तेव्हा ती आत होती. तिला कोणी काही विचारलंच नाही, तूसुद्धा नाही. पत्र पाठवू नका म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, दमली होती. ती शेवटच्या वर्षाचा अभ्यास करतेय आणि तिला तो करू दे.

हे वाचून तू काहीतरी आपटशील. आपट. मग हात धू आणि त्या माणसाकडे जा.

बाबांनी विचारलं, पत्रात काय आहे. मी म्हटलं, सगळं छान चाललंय. तुझ्यापायी खोटं बोलायला लागले मी या वयात.

आशीर्वाद आता घे. राग धरलास तरी माझ्याकडून काही कमी व्हायचं नाही.

वहिनी


ता. २६ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन तुकडे केले. मग जोडून पुन्हा वाचलं. आपटायला खोलीत एक बादली होती, तिला पोचा आलाय.

तिच्याबद्दल आज लिहीत नाही. एवढंच, की माझ्या वतीनं तिला आता काही सांगू नकोस. रोज कामावरून येताना मनात तिच्याशी बोलायची सवय आहे. ती कुठे एकदम जाणार. परवा अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी बोलतोय, आणि गप्प झालो. बाकीची वाट फार लांब वाटली.

रविवारी गेलो. ड्रायव्हरनं पत्ता दिला. बस संपते तिथून पुढे एकसारख्या इमारतींची रांग, एकसारखे जिने. फळांची पिशवी घेऊन बेल वाजवली. बायकोनं दार चार बोटं उघडलं. डोक्याला टॉवेल, मागे टेबलावर खरकटी ताटं. मी नाव सांगितलं. तिनं विचारलं, तुम्ही येणार असं ठरलं होतं का? म्हटलं, नाही. मग? म्हटलं, पाय बघायला आलो. त्यांच्या भाषेतले त्या वेळी मला तेवढेच शब्द आठवले. वहिनी, न विचारता जायचा तुझा कायदा इथे चालत नाही. त्या दारात मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती आत गेली, काहीतरी कुजबुज झाली, ताटं उचलल्याचा आवाज आला, आणि मग दार उघडलं.

खांब कोचावर, पाय स्टुलावर, टीव्ही चालू पण आवाज बंद. तो मला लहान वाटला. आमच्यामधे नेहमी कपाट असायचं, त्याला असा अख्खा, घरच्या कपड्यांत बसलेला मी कधी बघितलाच नव्हता. मी वाटेत पाठ केलेली माफी म्हणून दाखवली. तो टीव्हीकडे बघत राहिला. मग मी म्हटलं, उद्या मुकादमाला खरं सांगून टाकतो.

तेव्हा तो चिडला. पहिल्यांदाच. म्हणाला, भांडणात अपघात झाला असं कळलं तर कंपनी रजेचे पैसे देणार नाही. खरं बोलून तू मोकळा होशील, विमानात बसशील, आणि मी इथे खोटारडा म्हणून राहीन. "खोटं मी बोललोय. ते आता तुला सांभाळायचंय. तोंड बंद ठेव."

मी विचारलं, म्हणजे पैशासाठी बोललास, माझ्यासाठी नाही? त्यानं स्टुलावरचा पाय जरा सरकवला. म्हणाला, थोडंसं तुझ्यासाठीही.

मग न राहवून तेही विचारलं, की त्या दिवशी म्हाताऱ्याला बोलला का नाहीस. म्हणाला, हातात वजन असताना भांडत नाहीत. खाली ठेवून बोलणार होतो. खरंच बोलला असता का, कोण जाणे. त्यालाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं. पण मी वाट बघितली नाही हे खरं.

पुढे म्हणाला, तुझ्याबरोबर कपाट पुन्हा उचलणार नाही. हे इतक्या शांतपणे म्हणाला की रागावायलासुद्धा जागा ठेवली नाही. दोन मुलं आहेत म्हणाला, दोन्ही पाय लागतात. मी मान हलवली. नंतर दोघं बिनआवाजाचा टीव्ही बघत बसलो. त्यात कोणीतरी मासे पकडत होतं. त्याच्या बायकोनं मी नेलेली सफरचंदं कापून मलाच आणून दिली. इतकं न बोलता मी कधी कोणाजवळ बसलो नव्हतो.

मुकादमाला काही सांगितलेलं नाही. रोज त्याच्यासमोर तोंड उघडतं आणि मिटतं. म्हाताऱ्याच्या दारातही गेलो नाही. कपबशा गुंडाळतो, एकट्याचं काम आहे, दुसरं टोक नाही. सध्या येत नाही. बाबांना सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तरी चालेल.

एक सांगायचं राहिलं. निघताना बायको दारापर्यंत आली. तोंड तसंच आंबट. असं न कळवता कोणाच्या घरी येत नाहीत म्हणून तिनं मला चांगलं फैलावर घेतलं, आणि टेलिफोनचा नंबर चिठ्ठीवर लिहून हातात कोंबला. मी खाली मान घालून हो हो म्हणत जिना उतरलो, रस्त्यावर आलो, बसच्या थांब्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं. पुढच्या वेळी आधी फोन करा, म्हणाली. वहिनी, पुढच्या वेळी म्हणाली ती.

सर्वांस नमस्कार. लोभ ठेवतेसच; रागावत जा, तोही पोचतो.

तुझा दीर