आदरणीय फेकू धर्मेंद्रभाई

शहादा, सोमवार

ती.स्व. दाजींच्या चरणी छगनचा दंडवत.

(तुम्ही वडिलांच्या जागी, पण वडील नव्हे, म्हणून ‘ती.’च्या मागे ‘स्व.’ लावायचा, असं शाळेत शिकवलं होतं. नुसता ‘स्व.’ राहिला तर लोक माणसाला गेलेला समजतात, म्हणून पुढचा ‘ती.’ दोनदा तपासून घेतला आहे. सध्या मी नावापुढचं प्रत्येक अक्षर दोनदा तपासतो. का, ते पुढे येईल.) ताईचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? इकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम, फक्त जेवण कोणालाच जात नाही.

हिशेब आधी सांगतो, म्हणजे बाकीचं वाचायला सोपं जाईल. भूमिकाच्या लग्नाच्या पत्रिका गावोगाव वाटायचं पेट्रोल वाचावं म्हणून मी फोनमध्ये चारशे नव्व्याण्णव रुपयांचं एक ॲप घेतलं. त्याची खरी किंमत पडली ती अशी: एक व्याही, एक चुलतभाऊ, मदनलालशेठशी तीस वर्षांचा घरोबा, आणि बायकोचं, जमनाचं, माझ्याशी बोलणं. पेट्रोल मात्र वाचलं.

झालं असं की, दाजी, माझा धंदा पंप आणि पाइपांचा. प्रकाशा गावापासून धडगावपर्यंतचे शेतकरी माझ्या फोनमध्ये. आपल्या गुजर समाजात निम्मे पाटील, निम्मे चौधरी, आणि नावंही तीच ती. एकट्या धर्मेंद्रांची संख्या माझ्याकडे अकरा. मग ओळखायचं कसं? मी प्रत्येकाच्या नावापुढे एकेक शब्द लावत गेलो. गिऱ्हाइकाच्या पुढे त्याची मोटार, नातेवाइकाच्या पुढे त्याचा स्वभाव. पैसे मागितले की ज्यांचा ‘उद्या’ ठरलेला, ते ‘उद्या मदनलालशेठ’. (हार्डवेअरचं एवढं दुकान, पण माझे पाइप नेले की उद्या.) आपला चुलतभाऊ मोती तीनदा सरपंचकीला उभा राहिला आणि तीनदा पडला, तो ‘पडेल मोतीभाई’. चौकातल्या फलकावर तो अजून स्वतःला ‘भावी सरपंच’ लावतो. ‘भावी’ लावायला कोणाची परवानगी लागत नाही आणि तो शब्द शिळाही होत नाही, म्हणून पुढाऱ्यांना आवडतो.

आम्हाला बाविस्कर गुरुजी उपसर्ग शिकवायचे, तुम्हालाही असतील. हार तोच, पण ‘प्र’ लावला की मारतो, ‘आ’ लावला की जेवू घालतो, ‘सं’ लावला की कोणी उरत नाही. भूमिका नर्सिंगला होती तेव्हा तिने मला मशीनवाल्यांचे उपसर्ग शिकवले. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी. म्हणजे वस्तू जिथल्या तिथे, पुढच्या दोन अक्षरांवर तिची लायकी. मला तेव्हाच वाटलं, हे तर मी पंचवीस वर्षं करतोय. आणि खोटं कशाला बोलू, अभिमान होता. बोअरमध्ये खडा टाकून पाणी किती फुटांवर आहे ते मी आवाजावरून सांगतो. माणसाचंही तसंच. तो दोन वाक्यं बोलला की त्याच्या नावापुढे काय लावायचं ते माझा कान सांगतो, आणि या कानाने लावलेला एकही उपसर्ग आजवर चुकलेला नाही.

आता व्याह्यांचं. साखरपुड्याला तुम्ही होताच. (तुम्ही पंगतीची व्यवस्था बघत होता, तुमच्या कानावर आलं नसेल.) धर्मेंद्रभाई पन्नास माणसांत छातीवर हात ठेवून म्हणाले, “पोरनी नोकरी सुटाव नही. मोलगीले खोली लेसूत, मन्हा पोऱ्या लखन बी येत-जात ऱ्हाई.” भूमिकाचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहायला हवा होता. मोलगीच्या दवाखान्यातल्या त्या नोकरीसाठी तिने तीन स्थळं परत पाठवली होती, कारण तिन्हीकडे मुलीची नोकरी म्हणजे लग्नापर्यंतचा टाइमपास. माझ्या कानाला मात्र या बोअरमध्ये पाणी लागलं नाही. मनात म्हटलं, नवी सून सातपुड्यात खोली करून राहील आणि सासू इकडे भाकरी थापत बसेल? हा केळीबागायतदार मांडवात बोलतोय, घरात बोलणार नाही. घरी आलो आणि त्यांच्या नावापुढे ‘फेकू’ लावलं. कोणाला दुखवायचं म्हणून नव्हे. अकरा धर्मेंद्रांतून हे पटकन सापडावेत म्हणून.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ॲपमध्ये मजकूर एकदाच लिहायचा, आणि जिथे नाव हवं तिथे ते यंत्र फोनमधून नाव उचलून आपोआप घालतं. मी लिहिलं, ‘आदरणीय’, मग रिकामी जागा, मग ‘यांना सहकुटुंब आग्रहाचे निमंत्रण’. खाली विचारलं होतं, सगळ्यांना पाठवायचं? मी म्हटलं, आपल्याकडे आमंत्रणाला भेद कसला. दाबलं. दुकानात बसून चहा पीत होतो, तोवर आठशे घरांत ‘आदरणीय’ पोचलं होतं.

पहिला फोन मोतीभाईचा. “छगन, तुन्हा फोनमा मन्हं हाईच नाव शे का?” मी म्हटलं, भाऊ, यंत्राची चूक आहे. तो म्हणाला, “यंत्र मन्हं मतदान मोजाले उनं व्हतं का?” आणि ठेवला. मदनलालशेठ फोन करत नाहीत, त्यांनी माणूस पाठवला. माझे जेवढे पैसे त्यांच्याकडे होते तेवढे एका पाकिटात, वरती लिहिलेलं, ‘आज’. दाजी, मी तीस वर्षं त्या पैशांसाठी हेलपाटे घातले आणि हातात आले तेव्हा धरवेनात. डोंगरसिंग पावराचा फोन आला तेव्हा मी घाबरतच उचलला, कारण तो ‘तीन एचपी डोंगरसिंग’ आहे. तो म्हणाला, “शेठ, गेल्या वर्षी पाच एचपीची मोटार तुमच्याकडूनच नेली. माझी बढती राहिली.” तेवढा एक जण हसला. लग्नाला येतो म्हणाला, पाच एचपी लिहून नवीन निमंत्रण आलं तर.

एक मात्र सांगायलाच हवं. भिला वायरमन, माझा जोडीदार, दोघांनी मिळून पहिलं दुकान टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मला नंबर पुसवला नाही, म्हणून पुढे ‘कै.’ लावून ठेवला. तो फोन आता त्याची बायको दगूबाई वापरते. तिला आलं, ‘आदरणीय कै. भिला यांना सहकुटुंब आग्रहाचे निमंत्रण’. मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. ती धान्य निवडत होती. म्हणाली, “त्यासले कोणी बलावत नही आते. तुम्ही बलावं.” आणि सूप पुन्हा हलवायला लागली. ती एकटी नक्की येणार आहे.

आणि व्याही. स्वतःच्या मुलाच्या लग्नाचं निमंत्रण, ‘आदरणीय फेकू धर्मेंद्रभाई’. त्यांनी फोन केला नाही, शिवी दिली नाही. वाचल्याची निळी खूण तेवढी दिसते. गुरुवारी दोन्ही घरांनी मिळून बस्ता बांधायला सुरतला जायचं होतं, गाडी ठरली होती. त्यांच्याकडून कोणी आलं नाही. आम्ही चौकात दोन तास उभे राहिलो आणि ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलं. जमनाने घरी येऊन लग्नाच्या वड्यांसाठी ओली केलेली डाळ उन्हात परत वाळत घातली. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. जाऊन पाय धरले असते, पण मी गेलो तर लोक म्हणतील, आता ‘पाया पडू छगन’.

भूमिका शनिवारी मोलगीला ड्यूटीवर निघून गेली. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाली, “पप्पा, तुम्हाला माणूस नुसता ठेवता येत नाही का? पुढे काही न लावता?” मी म्हटलं, बेटा, अकरा धर्मेंद्र आहेत. ती म्हणाली, “मला एकच होते.” आणि जीप गेली. दाजी, मुलीच्या नावापुढचं ‘चि.’ काढून ‘सौ.’ लिहायचा दिवस मी वीस वर्षं मनात घोकत होतो. परवा तिच्या नावावर बोट ठेवून बसलो आणि काय लिहावं ते सुचलं नाही. म्हणून नुसतं ‘भूमिका’ करून ठेवलं.

बाकी सगळं ठीक. कापूस बरा आहे. ताईला सांगा, काळजी करू नको.

तुमचा,
छगन (पुढे तुम्हाला हवं ते लावा)

ता. क. तुम्हाला निमंत्रण आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा नंबर दुकानाच्या जुन्या फोनवरून उतरवलेला, त्याच्यापुढे शून्य आहे. यंत्राला पुढे ‘अधिक एक्क्याण्णव’ लागतं, नाहीतर ते माणसाला मोजतच नाही. त्या शून्यानेच आपलं नातं वाचवलं. (तुमच्या नावापुढे मी काहीही लावलेलं नाही. तरी लग्नात ताईला माझा फोन हातात देऊ नका.)

आणखी एक. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. लग्नाला बारा दिवस आहेत. धर्मेंद्रभाई तुमचा शब्द मोडणार नाहीत. पत्र मिळताच नवापूरहून पहिली एसटी धरा आणि परस्पर त्यांच्याकडे जा. सांगा, छगन वाईट नाही, त्याला सवय आहे. हवं तर मी समोर उभा राहून नाव पुसतो. माझा मान जाऊ द्या, पोरीचं लग्न जाऊ देऊ नका.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मोलगीच्या बाजाराहून जीपवाला आला. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत धर्मेंद्रभाईंनी साखरपुड्याच्याच आठवड्यात खोली घेतली आहे, चुना मारून झाला आहे. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आहे. टाकी माझ्याच दुकानातली आहे.