दोघींचं एकच उत्तर

९ मार्च
सेकंड पीयूची, म्हणजे बारावीची, केमिस्ट्री झाली. डोकं जड. गेटबाहेर सगळ्यांचं उत्तरं जुळवणं सुरू. मला घरी जायचं होतं, पण मंजी हात सोडेना. तांब्याच्या गणिताला श्रुतीचं एक उत्तर, बाकीच्यांचंही तेच. माझं दुप्पट. मंजीचंही दुप्पट. ती खूश. "बघ की, आपल्या दोघींचं एकच आलं!"
"अगं, दोननं भागायचं राहिलं. दोघींचं चुकलं."
मग ती एकेक विचारत गेली, मी सांगत गेले. हेही चूक, तेही... शेवटी तिनं माझा हात सोडला. अळनावरच्या बसमध्ये चढली, वळून बघितलं नाही.

१० मार्च
मंजीचा फोन बंद. बायोलॉजी उघडून बसले, डोळे मिटतायत. आई म्हणते, "झालेला पेपर कशाला उकरत बसता गं?" खरं आहे.

११ मार्च
फोन तिच्या अण्णानं, थोरल्या भावानं उचलला. बेलूरला फॅक्टरीत असतो.
"उरलेला पेपर देणार नाही म्हणाली. नापासच आहे म्हणते. आमच्याकडे पॅकिंगला मुली पाहिजेत, सोमवारपासून नेतो."
"अण्णा, स्टेपला पण मार्क असतात."
"पास होईल? नक्की सांग."
"पेपर तरी देऊ द्या," एवढंच म्हटलं. वाईट माणूस नाही. दमलेला वाटला.

१२ मार्च
अप्पांना सांगून अळनावरला गेले. बसमध्ये पुस्तक उघडं, वाचलं काहीच नाही. मंजी मागच्या दारी भांडी घासत होती.
"अभ्यास सोडून कशाला आलीस?"
"तुला न्यायला. आज आमच्याकडं राहा, उद्या बरोबर जाऊ."
"तूच म्हणालीस, चुकलं."
"चुकलंच. पण पास-नापास मला काय कळतंय? मी काय पेपर तपासणारी?"
तिची आई दारातून म्हणाली, "होगली बिडवा." जाऊ दे, सोड. मला म्हणाली का तिला, कळलं नाही. मंजी उठली, ओल्या हातानंच हॉल तिकीट घेऊन आली.

१३ मार्च
बायोलॉजी झाली. माझी वाईट गेली. कालचा दिवस गेला ना. सकाळी केशवापूरहून, आमच्या घरून, दोघी एकाच बसनं आलो होतो.
बाहेर श्रुतीची हाक, "पहिल्याचं काय लिहिलंत गं?"
"लिहिलंय काहीतरी," मंजी म्हणाली. चालू लागली. मीही.
स्टॉपवर म्हणाली, "अण्णा सोमवारी नेणारच आहे. निकाल येईपर्यंत तरी."
"आणि मग?"
"निकाल तू बघ माझा. काय असेल ते तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून नको."
हो म्हटलं. नको म्हणायचं होतं.