घरी गेल्यावर करा फोन

४ ऑक्टो.
नर्सिंग होममधला तिसरा शनिवार. पाठ कामातून गेली. चौदा वर्षं खुर्चीत बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आता सदतिसाव्या वर्षी म्हाताऱ्यांच्या चादरी बदलतेय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, अगं पण तू डॉक्टर होणार होतीस ना? इथे परदेशात मेडिकलला अर्ज करायचा तर आधी पेशंटजवळ काम केलेलं दाखवावं लागतं, नुसते मार्क चालत नाहीत, हे तिला तीनदा समजावलं. समीर म्हणतो, अख्ख्या बॉथेल गावात लोकांच्या बायका मॅनेजर झाल्यात, माझी बेडपॅन धुते. हसत म्हणतो, पण म्हणतोच.

११ ऑक्टो.
नवीन पेशंट मराठी! वझलवार काका, नागपूरचे, रिटायर्ड हेडमास्तर. लिव्हरचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. 'जे काय ते माझ्या मुलाशी बोला' असं काकांनीच सही करून दिलंय. मुलाने, अमोलने, मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ताई, बाबांना वाटतंय साधी कावीळ आहे, प्लीज काही बोलू नका. मी मान डोलावली. आपल्यात हे कुणाला शिकवावं लागतं का? आमच्या आजोबांनाही शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.
मारियाने, म्हणजे आमच्या हेड नर्सने, पुन्हा बजावलं. आजाराबद्दल पेशंटने काहीही विचारलं की तिला बोलवायचं. आपण उत्तर द्यायचं नाही.

१२ ऑक्टो.
काकांचं अंग पुसलं, नखं कापली. मराठी ऐकून जाम खूश. "काहून बाई, एवढी शिकलेली अन् हे काम करते?" डॉक्टर व्हायचंय म्हटलं, तर म्हणाले, मग तुझा पहिला पेशंट मीच.
बोलता बोलता बहिणीचं निघालं. सुमनताई, अमरावतीला असतात. काकू गेल्या तेव्हा त्या तेराव्याला आल्या नाहीत, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. पाय मोडला होता बिचारीचा. काकांना ते मागाहून कळलं, तरी फोन केला नाही. ताठा, दुसरं काय, असं स्वतःच म्हणाले. मग एकदम माझा हात धरला.
"खरं सांग पोरी, मी घरी जाईन ना? नाही तर सुमीला आत्ताच फोन लावून दे."
मारिया दोन खोल्या पलीकडे होती. बटण दाबायचं, बस. मी म्हटलं, "काही होत नाही तुम्हाला, काका. घरी गेल्यावर करा फोन, भाऊबीजेला, निवांत."
हात सोडला त्यांनी. चहा मागितला. मला इतकं छान वाटलं! घरी येऊन समीरला सांगितलं, बघ, मला जमतंय हे.

१८ ऑक्टो.
काका गेले. गुरुवारी. मला कोण कळवणार, मी वीकेंडची. त्यांच्या बेडवर दुसरेच आजोबा, टीव्ही बघतायत.
बुधवारपासून शुद्ध नव्हती, मारिया म्हणाली. मंगळवारपर्यंत बोलत होते. म्हणजे उरलेला रविवार, सोमवार, मंगळवार. तेवढे दिवस होते त्यांच्या हातात. मी खाल्ले.
बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन तिघांना भरवलं.
संध्याकाळी मारियाला सगळं सांगून टाकलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, की त्यांना पुतणी नको होती त्या वेळी, खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं.

२१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. केलं कसंबसं. अर्जातला निबंध उघडून बसले, 'पेशंटसोबतचा एक अनुभव'. दुसरं काही सुचतच नाही. आणि हे लिहायचं म्हणजे काकांच्या जिवावर ॲडमिशन मागायची. दोन पॅरा लिहिले, पुसले. हा अर्ज करायचा तरी का?
समीर म्हणाला, अगं, ते तसेही जाणारच होते. हो रे बाबा. मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

२५ ऑक्टो.
काल अमोलचा फोन. आत्याला बाबांजवळच्या त्या मराठी बाईशी बोलायचंय. काहीतरी चांगलं सांगा ताई, म्हणाला.
आज सकाळी लावला. खणखणीत आवाज, काकांसारखाच. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, शेवटी माझं नाव काढलं का गं दादानं?
नुसतं हो म्हणून थांबता आलं असतं. नाही थांबले. म्हटलं, काढलं. त्या रविवारी तुम्हाला लगेच फोन लावून दे म्हणाले होते. मीच म्हटलं, घरी गेल्यावर करा. मला माहीत होतं ते घरी जाणार नाहीत.
वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात.
"म्हणजे करणार होता?"
"हो, आत्या."
"थांब जरा," म्हणाल्या, आणि फोन तसाच खाली ठेवला.
वीस मिनिटं झाली. लांबून कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणीतरी टीव्ही बंद केला. त्या काही परत आल्या नाहीत. मला नऊची शिफ्ट आहे. समीर दारात किल्ली घेऊन उभा आहे, कट कर म्हणतोय. फोन स्पीकरवर ठेवून हे लिहितेय. कट करवत नाही.