लाल बटण

प्रिय दादा,

पाकीट उघडताना हाताला काहीतरी कडक लागलं असेल. कागदाच्या पुडीत नखाएवढं कार्ड आहे ते. आत्ता बाजूला ठेव, हरवू नकोस, आणि आधी हे वाच. फोनवर बोलतोच की आपण, मग पत्र कशाला, असं वहिनी म्हणेल. फोनवर माझा आवाज गोड होतो रे. मी मुद्दाम करत नाही, तुझं नाव दिसलं की आपोआप होतो. परवापर्यंत मला हे माहीतच नव्हतं. कळल्यापासून फोन उचलवत नाही, म्हणून तुला ‘मीटिंगमध्ये आहे’ असं कळवलं. मीटिंग नव्हती.

आधी खुशाली. बाबा बरे आहेत. आंघोळ, दाढी स्वतःची स्वतः करतात, शर्टाची कॉलर अजून नखाने दाबून सरळ करतात. डोळ्यांत थेंब तेवढे मी घालते. बाल्कनीतली त्यांची खुर्ची डुगडुगत होती, तर तिच्या एका पायाखाली चिंधीची घडी घालून त्यांनी ती अशी बसवली आहे की आता हलत नाही. नव्या खोलीवर न्यायची बॅग मी माळ्यावरून काढून ठेवली आहे, पण भरलेली नाही. का भरली नाही, तेच सांगायला बसले आहे.

तू मागच्या वेळी आलास तेव्हा त्यांच्यासाठी गाण्यांचा प्लेअर आणला होतास, काडेपेटीहून जरासा मोठा. दुकानात शिलाई मशीनच्या खडखडाटावर रेडिओवर जी जी गाणी लागायची, ती शोधून शोधून तू त्यात भरली होतीस. दर रविवारी तू विचारायचास, “बाबा, गाणी ऐकता ना? अजून पाठवू?” आणि ते म्हणायचे, “ऐकतो तर! भरपूर आहेत, पुरतील मला.” मी शेजारी उभी राहून कपाळावर हात मारायची, कारण मला त्या प्लेअरचा भयंकर राग होता. मी काही सांगायला लागले की बाबा खिशात हात घालून साहेबासारखे उभे राहायचे. हूं नाही की चूं नाही. माझं बोलून संपलं की सरळ बाल्कनीत, आणि कानात ती बोंडं. तुला मी किती वेळा हे रंगवून सांगितलं आहे, “आम्ही इकडे घसा कोरडा करायचा आणि महाराज तिकडे गाण्यात दंग!” तू हसायचास. पुढे पुढे हसेनासा झालास, कारण माझं सांगणं वाढतच गेलं.

त्यांची दोनदा विचारायची सवय तुझ्यामाझ्या जन्माआधीची. माप देऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला ते दुकानाच्या पायरीवर गाठायचे, “बाही कोपरापर्यंतच ना? खिसा डावीकडेच ना?” गिऱ्हाईक वैतागलं तर म्हणायचे, “आत्ता रागवा साहेब, पण एकदा कात्री लावली की माझ्या हातात काही राहत नाही.” आपण दोघं काजाबटणांच्या टेबलामागे बसून त्यांची नक्कल करायचो. तेच बाबा मला विचारतात, गीझर आधी लावायचा की नळ आधी सोडायचा, नव्या दाराचं कुलूप कुठल्या बाजूला फिरवायचं, थेंबांची कुठली बाटली सकाळची. आणि मी दिवसभर ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसून लोकांचं तेच तेच ऐकून घरी आलेली असते. तिथे माझ्या शांतपणाचं कौतुक आहे. भांडायला आलेला माणूस साहेब माझ्याकडे पाठवतात. घरी कधी कधी चिडते, असं मी तुला सांगितलं होतं. ते ‘कधी कधी’ माझ्या पदरचं.

मग त्या प्लेअरवर ‘जागा शिल्लक नाही’ असं यायला लागलं. बाबा तो घेऊन माझ्याकडे आले. मला अजून त्या दुकानातल्याच नावाने हाक मारतात, “बॉबिन, बघ ना जरा, हे घेत नाहीये.” मी मान वर न करता म्हणाले, “गाणी पुसा थोडी. एवढी कशाला लागतात माणसाला?” ते म्हणाले, “पुसली गं.” मी म्हणाले, “मग अजून पुसा.” पुढे त्यावर नुसताच ‘कार्ड एरर’ यायला लागला. रोज संध्याकाळी ते प्लेअर हातात घेऊन दारात उभे, आणि रोज मी म्हणणार, “बघते उद्या.” त्याच सुमाराला त्यांचं विचारणं एकदम वाढलं. एकाच गोष्टीसाठी चार चार वेळा यायला लागले. गीझर रात्रभर चालू राहिला, सकाळचे थेंब संध्याकाळी घातले गेले, एकदा कुलूप न लागता दार दिवसभर नुसतं लोटलेलं राहिलं. तुला मी फोनवर म्हणाले, “बाबांचं डोकं आता साथ देत नाही. त्यांना सांगून उपयोग नाही, भिंतीला सांगितल्यासारखं आहे. आणि बोलायला गेलं तर अंगावर येतात.” तू डॉक्टरांना विचारलं नाहीस, बाबांनाही विचारलं नाहीस. तुला विचारायला मी होते. माझ्या शब्दावर तू धावपळ करून ती वृद्धांची जागा शोधलीस, बागेकडची खोली मिळवलीस. मी त्यांना सांगितलं तर “बरं” म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, “कधी जायचं आपण?” आणि मी म्हणते, “आपण नाही. तुम्ही.”

तिकडे निदान गाणी तरी असू देत म्हणून मी परवा प्लेअर ऑफिसला नेला. जेवणाच्या सुट्टीत कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर तो म्हणाला, कार्डात दोष आहे, सगळं पुसून नव्याने सुरू करायचं का? माझं बोट ‘हो’वर होतं. थांबले ते एवढ्यासाठी की पुन्हा तुझ्याकडून गाणी मागवा, पुन्हा भरत बसा, याचा कंटाळा आला. माझ्या चांगुलपणाने यातलं काहीही वाचलेलं नाही, हे लक्षात ठेव. ‘नको’ म्हटलं आणि आत जाऊन बघितलं, तर गाण्यांचा कप्पा रिकामा. एक गाणं नाही. आणि तरी कार्ड गच्च भरलेलं.

आमच्याकडे मशीन दुरुस्त करणारा एक आहे, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी “काय होतंय?” विचारतो आणि मग “कधीपासून?” त्याने कार्ड तपासलं. “मॅडम, हे म्हातारं झालंय. भरलंय, पुसलंय, भरलंय, पुसलंय, पार पिळून काढलंय. आहे ते वाचता येईल, नवीन काही घेणार नाही. कोण वापरतं एवढं?” मी म्हटलं, वडील, गाणी ऐकायला. तो म्हणाला, “गाणी कुठली? ही सगळी रेकॉर्डिंग आहेत. थांबा, पुसलेलंही परत येतंय का बघतो.” त्याने कसलासा प्रोग्रॅम चालवला आणि परत आलेल्यांतलं एक सहज उघडून बघितलं. खोलीत आणखी दोघी डबा खात होत्या. स्पीकरमधून एक बाई ओरडली, “कान आहेत की भोकं? किती वेळा सांगू, डावीकडे! डावीकडे! डावा हात कुठला तो तरी कळतो का?”

डॉक्टरने ते लगेच बंद केलं. मला म्हणाला, “कोण हो ही? वडिलांना सांभाळायला ठेवलीय का?”

दादा, मी “हो” म्हणाले.

“बदला तिला मॅडम. आजच्या आज काढा. तुमच्यासारख्या माणसाच्या घरात असली बाई?” डबा खाणाऱ्यांतली एक म्हणाली, “माझ्या आत्याकडे होती ती फार शांत आहे बघा. नंबर देऊ?” आणि मी तो नंबर घेतला. पेन मागून, नीट पुन्हा विचारून, लिहून घेतला. अजून माझ्या पर्समध्ये आहे.

बाकीचं मी जुन्या फायलींच्या खोलीत उभी राहून, कानात बोंडं घालून ऐकलं. पहिलंच रेकॉर्डिंग तुझं आहे. प्लेअर दिलास त्या दिवशी तू त्यांना शिकवत होतास, “बाबा, हे लाल बटण दाबलं की आवाज साठतो. मग हवा तेव्हा परत ऐकायचा. सावकाश. काही घाई नाही.” त्यानंतर मीच मी. आधी खिशातल्या कापडाची खसखस आणि मग मी. साहेबासारखा खिशात घातलेला हात त्या बटणावर असायचा. मी एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची पाळी येऊ नये म्हणून ते साठवून घ्यायचे आणि बाल्कनीत जाऊन पाठ करायचे. एकात मी तुझ्याशी बोलते आहे, “हो रे दादा, मजेत आहेत, आत्ताच गाणी लावून बसलेत,” आणि फोन ठेवल्याचा आवाज होतो न होतो तोच, “काय खांबासारखे उभे आहात मध्ये?” मध्ये मी श्वाससुद्धा घेतलेला नाही. ते अंगावर येतात असं मी तुला सांगितलं होतं ना, ते सापडावं म्हणून मी अक्षरशः शोधत बसले. एक तरी सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. ते सगळीकडे “बरं” म्हणतात. आणि मी कुठेही त्यांना बाबा म्हणत नाही.

हे सगळं, माझ्या आवाजातलं सगळं, बाबांनी पुसून टाकलं होतं. डॉक्टरने परत आणलं म्हणून मला ऐकायला मिळालं. त्यांनी ठेवलं होतं ते वेगळंच, आणि त्याच्यासाठी त्यांनी तुझी गाणी एकेक करून काढून टाकली होती. त्यात ते स्वतः बोलतात, हळू आवाजात, मागे रस्त्यावरचे हॉर्न. “बाबा, कुलूप डावीकडे फिरवायचं. मग एकदा ओढून बघायचं. सावकाश. काही घाई नाही.” मला आधी कळेचना, हे कुणाच्या बाबांशी बोलतायत. “बाबा, निळ्या झाकणाची बाटली सकाळची. सावकाश. काही घाई नाही.” माझ्या बोलण्यातून कामाचं तेवढं उसवून घ्यायचं आणि तुझ्या पद्धतीने पुन्हा शिवायचं, असं चाललं होतं त्यांचं. शेकड्यांनी आहेत. कार्ड बिघडलं आणि त्यांचं सगळं अडलं. मी तुला ‘डोकं साथ देत नाही’ म्हणाले, ते नेमकं तेव्हा.

काल नवीन कार्ड घालून प्लेअर त्यांना परत दिला. त्यांची रेकॉर्डिंग त्यावर घातली आहेत. गाणी थोडीच परत आली, तीही मध्येच तुटतात. मी काही ऐकलं आहे, हे त्यांना सांगितलं नाही. धीर झाला नाही. त्यांनी लाल बटण दाबून बघितलं, लहान मुलासारखे खूश झाले. थोड्या वेळाने मी भांडी आवरत होते तिथे आले, खिशात हात घालून, आणि म्हणाले, “बॉबिन, कधी जायचं आपण?” मी ओल्या हातांनी वळले. त्या खिशाकडे बघत “बाबा” म्हणाले, आणि पुढे एक शब्द निघेना. ते थांबून राहिले. मग म्हणाले, “सावकाश. काही घाई नाही.”

म्हणून लिहिते आहे. खोलीचं नक्की केलं आहेस ते आजच थांबव. बाबांना सांगून उपयोग नाही, हे मी बोलले होते आणि ते खोटं आहे. मात्र त्यांना माझ्याकडेच राहू दे, असंही मी म्हणत नाही. माझ्या हातात ते नीट राहतील, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तू ये, त्यांच्याजवळ बस आणि कुठे राहायचं ते त्यांनाच विचार, दोनदा विचार. मी तेवढा वेळ खाली रस्त्यावर जाऊन थांबेन. ते जिथे म्हणतील तिथे, मग ती बागेकडची खोली का असेना, पण माझ्या सांगण्यावरून नको. पुडीतल्या कार्डावर मी दोन्ही उतरवून घेतलं आहे, त्यांनी ठेवलेलं आणि त्यांनी पुसलेलं. माझं मी त्यातून काढून टाकणार होते, दोनदा बसलेही होते काढायला. आधी ते सगळं ऐक, वहिनीलाही शेजारी बसव. आणि ऐकून झाल्यावर लगेच मला फोन करू नकोस दादा. तू “होतं गं असं, दमतेस तू” म्हणशील, आणि मी ते लगेच मान्य करून टाकेन.

तुझीच,
बॉबिन