गोळी निम्मी केली

संभाजीनगर, ता. १० जानेवारी २०२५

ती. आत्याबाई व मामा यांना सूनबाई मनिषाचा सा. जयभीम. वि. वि.

फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई आन मला रडू येतं, म्हनून चिठ्ठी लिवायले. हे उद्या वालूरला यायलेत, त्यांच्याजवळ देते.

आत्याबाई, तुमच्या नातीला तुमची किडनी बसवल्यापसून दिवाळीपस्तोर समदं चांगलं व्हतं. आता ताप उतरंना आन गळ्याला दोनी बाजूनं गाठी आल्यात. झोपंत मोठ्या मानसावानी घोरायली. मी म्हनले, आमू, आज्जीची किडनी घेतली तं घोरनं बी घेतलंस का? लय हसली. तुमी रागावू नका.

गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टर मॅडम म्हनल्या, एक व्हायरस हाय, त्यानं गाठी वाढायल्यात. किडनी टिकावी म्हनून ज्या गोळ्या हायेत, त्यातली एक निम्मी केली. का केली ते मला उमजलं न्हाई, आन इचारायचं भेव वाटलं.

तुमचे टाके दुखतेत का? जड उचलू नका. नातीवरची माया सुनंवर बी असू द्या.

तुमची सून मनिषा


वालूर, ता. १२ जानेवारी

चि. सौ. मनिषाला आत्याबाईचा जयभीम आन आशीर्वाद.

बोलनारी मी हाय, लिवनारे तुझे मामा. अक्षर वंगाळ दिसलं तं त्यांना बोल.

गोळी निम्मी झाली हे ऐकून लय बरं वाटलं. दुखनं उतरल्याबिगर कुनी गोळी कमी करतं का? ह्यांची बीपीची गोळी तं वाढायलीच दर साली. मी बुद्धइहारात खीर वाटली. शेजारची तानुबाई म्हनली, मालन, तुझी किडनी भारी निघाली. मी म्हनले, निघंल न्हाई तं काय, कापूस येचून येचून घट्ट झालेली हाय. तुझे मामा म्हनायलेत, एवढी फुगू नको.

पर पोरी, जप. एक बी गोळी चुकवू नको. ही किडनी गेली तं माझ्याजवळ दुसरी द्यायला न्हाई.

आमूचा मुका घे आन आमाला खुशाली धाडीत जाय.

मालनबाई


संभाजीनगर, ता. २४ जानेवारी

ती. आत्याबाईंना मनिषाचा जयभीम.

आमू बरी झाली म्हनून गोळी कमी केली न्हवती. तुमची चिठ्ठी वाचली आन माझा जीव उडाला. ऑपरेशन झालं तवापसून समद्यांनी बजावलं, गोळी चुकली की किडनी गेली. मग निम्मी द्यायला माझा हातच व्हईना. मी पयल्यावानी पुरी देत राह्यले. ह्यांना बी सांगितलं न्हाई.

गाठी वाढल्या. आता तिला घास गिळंना, झोपंत दम अडकतो. रगतात गोळी जास्त निघाली तवा मॅडमनं इचारलं, मी सांगून टाकलं. लय वरडल्या, मग पानी पाजलं आन बसवून समजावलं. त्या गोळ्या पोरीच्या अंगाची लढायची ताकद दाबून ठिवतेत, म्हनून अंग परक्या किडनीवर उठत न्हाई. पर मग व्हायरसला अडवायला बी कुनी राहत न्हाई. मोठ्या मानसाच्या अंगात तो नुसता पडून असतो, तरास देत न्हाई. आमूत तो किडनीसंगं आला आसंल. तुमचा काई कसूर न्हाई, असं मॅडमनं दोनदा सांगितलं.

आता ती गोळी पुरी बंद करा म्हनतेत, संगं इंजेक्शन. बंद न्हाई केली तं गाठी कॅन्सरच्या वाटंला लागतेत. केली तं तुमची किडनी जाऊ शकती. हे म्हनले, आईनं दिलेली चीज हाय, आईला सांगून कर. मॅडम घाई करायल्यात. फोनवर माझं तोंड उचलंना, म्हनून ह्यांनाच धाडायले. हे रातच्या गाडीनं माघारी फिरतेत.

शिव्या द्या, पर जबाब द्या.

मनिषा


वालूर, ता. २४ जानेवारी

चि. सौ. मनिषा, जयभीम.

गोळी बंद कर. मला इचारायला थांबलीसच कशाला?

पयले लय चिडले तुझ्यावर. तवा मामा म्हनले, एक बी गोळी चुकवू नको अशी चिठ्ठी कुनी धाडली व्हती?

व्हायरस माझ्याकून गेला, तिथं येऊन मामा वाचायचे थांबले. मी म्हनले, वाचा. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

माझी किडनी, माझी किडनी करीत गावभर मिरवले मी. गेली तं जाऊ दे. आमू डायलिसिसच्या मशिनीवर बसंल पयल्यासारखी, आपुन पुढचं पुढं बघू. पोरच न्हाई राह्यली तं किडनीचं मी काय करू?

मी बी माझ्या लेकासंगं, धम्मानंदासंगं, गाडीत बसायले. ही चिठ्ठी मीच तुझ्या हातात देनार, तोंडानं बोलताना मला बी रडू येईल म्हनून लिवून घेतली.

मालनबाई


संभाजीनगर, ता. ९ फेब्रुवारी

ती. मामांना मनिषाचा सा. जयभीम.

आत्याबाई इथं बऱ्या हायेत. तुमी एकटे भाकरी जाळायलात का, असं इचार म्हनल्या.

गोळी बंद हाय. इंजेक्शन चालू हाय. डाव्या बाजूची गाठ मऊ पडली, उजवीकडची अजून तशीच. रगतातला किडनीचा आकडा मातर वाढायलाय, म्हंजी किडनी थकायली. रोज सकाळी मी आमूचा गळा चाचपते आन आत्याबाई भांड्यात लघवी किती झाली ते बघतेत.

आज आमूनं वरनभात गिळला. पुरी वाटी. मी आत्याबाईला हाक मारून दावलं. भांड्यात किती व्हतं, ते त्यांनी अजून मला सांगितलं न्हाई.

आमच्याकडं ध्यान असू द्या, मामा.

तुमची मनिषा