आई माणूस आहे का?

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार (दिवसभर संगणकासमोर बसून पाठ वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तू बरी असशील. काकांचा खोकला थांबला का?

इकडे आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. आमच्याकडे डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय आहे, तिथे नंबर वेबसाइटवरूनच लावावा लागतो. ती वेबसाइट मीच बांधलेली, म्हणून छाती फुगवून आईला म्हटलं, तूच लाव, अगदी सोपं आहे. (आमच्या धंद्यात सोपं म्हणजे बांधणाऱ्याला सोपं.) थोड्या वेळाने आतून हाक आली, "अरे, हे मला माणूस मानायला तयार नाही."

त्याचं असं आहे, यंत्रांनी खोटे नंबर लावू नयेत म्हणून आमच्या साहेबांनी तिथे एक परीक्षा ठेवायला लावली होती. धुरकट चित्रांतून सायकली ओळखायच्या. ओळखल्या तर माणूस, नाहीतर यंत्र. डोळ्यांच्या रुग्णालयासाठी याहून समर्पक काय सुचणार?

"नीट बघ ना," मी म्हटलं.

"नीट दिसत असतं तर डॉक्टरकडे कशाला निघाले असते?"

शेवटी मी बसलो. एका चित्रात सायकल आहे की भिंतीला टेकवलेली छत्री, ते मलाही ठरवता येईना. मीही यंत्र निघालो. (ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मला संशय होताच.)

मग दोघं तिथे गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, नंबर वेबसाइटवरूनच. मी शहाणपणा करून सांगितलं, की ती माझीच आहे. बाई उठल्या आणि मागच्या बाकांवर नंबराविना अडकलेल्या रुग्णांकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "वेबसाइटवाले आलेत." मावशी, ज्यांना समोरचा दरवाजा दिसत नव्हता, त्या सगळ्यांना मी बरोबर दिसलो. डोळ्यावर पट्टी बांधलेले एक निवृत्त न्यायाधीश काठी टेकत आले. "हयातभर लोकांचे पुरावे तपासले, आणि आता माझ्या माणूसपणाचा पुरावा तू मागतोस?" मी आशेने आईकडे पाहिलं, तर ती बाईंना सांगत होती, "हा कोण, मला ठाऊक नाही. मला एकटीला आत सोडा." बाईंनी सोडलं. तिला ऑपरेशनची तारीख मिळाली, मला न्यायाधीश.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी अभिमानाने आलेख दाखवला: खोटा नंबर एकही लागलेला नाही. खरेही जवळपास बंद झाले होते, पण तो आलेख कोणी मागितला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी ती परीक्षा गुपचूप काढून टाकली. संध्याकाळपर्यंत माणसांची रीघ लागली आणि साहेबांनी पुढच्या बैठकीत त्या गर्दीचाही आलेख दाखवला (श्रेय कोणाला मिळालं हे तुला सांगायला नको).

ऑपरेशनच्या दिवशी मात्र बाहेर बसून मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता चार वेळा वाचून काढला. पट्टी सुटल्यावर आईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे."

तुझाच भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की आईला आता सगळं दिसतं. पंख्यावरची धूळ, शर्टाची कॉलर, माझ्या फोनवर कोणाचं नाव उमटलं तेसुद्धा, खोलीच्या पलीकडून. तिला महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. कारण काहीही सांग.

ता. क. २ वरचा मजकूर आईने दारातूनच वाचला, तोही चष्म्याशिवाय. येते म्हणते. दोन बॅगा भरून झाल्या आहेत. दुसरी माझी आहे.