राबावरची चाकं

नाशिक, गंगापूर रोड
२२ मार्च १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पाडव्याचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते. पोरांना मोटरसायकलवर बसवायचं खूळ उतरलं का, असं विचारलंत. उतरलं तर नाहीच, उलट ते मलाही लागलं आहे.

तुमच्या भावाने कॉलेजात असताना मातीतल्या शर्यतींपायी हात मोडून घेतला होता, तेव्हा शेकायला तुम्हीच होतात. तीच हौस आता पोरांच्या निमित्ताने पुरी करणं चाललं आहे. भिकन मिस्त्रीने एका जुन्या मोपेडला लहान चाकं आणि दातेरी टायर बसवून आभासाठी गाडी केली. दहा वर्षांची पोर, पाय जेमतेम टेकतात. तनय सातचा. त्याची गाडी म्हणजे स्कूटरच्या चाकांवर ठेवलेलं एक इंजिन, आवाज मात्र ट्रकचा. दोघांच्याही गुडघ्यांना क्रिकेटचे पॅड कापून बांधतो आणि हेल्मेट डोक्यावर घट्ट बसावं म्हणून आत माझ्या ओढणीची घडी. रविवारी सकाळी गाड्या भिकनच्या टेम्पोत चढवायच्या आणि हरसूलच्या बाजूला डोंगरात जायचं. तिथल्या बैलगाडीच्या वाटांवर पुढे हे, मध्ये पोरं आणि मागे माझ्या जुन्या एम-एटीवर पोळ्यांचा डबा घेऊन मी.

गेल्या दोन-तीन खेपांत आम्हाला एक जागा सापडली आहे. उतारावर चौकोनी, काळाभोर तुकडा. वणवा लागून गेला असेल, असं हे म्हणाले. एक दगड नाही की काटा नाही, वर मऊ माती आणि खाली राख. पडलं तरी खरचटत नाही. आभा तिथेच वळण घ्यायला शिकली. मीही ओढणी कमरेला बांधून गिरक्या घेतल्या आणि किती वर्षांनी अशी मोठ्याने हसले. देवाने आमच्यासाठीच मैदान करून ठेवलं आहे!

रागवायचं असेल तर सविस्तर रागवा, म्हणजे पत्र मोठं येईल.

तुमची
सुधा


जळगाव
२ एप्रिल १९९९

चि. सौ. सुधा हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी देवापुढे दिवा लावला आणि मग हसले. शामला लहानपणी सायकलवरून उतरवायला वडील छडी घेऊन मागे धावायचे. आता वडील नाहीत आणि तू तर डबा घेऊन मागे धावतेस. पोरांनी हातपाय शाबूत ठेवावेत, एवढंच मागणं.

एक विचारते. वणवा चौकोनी लागतो, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी नाही. ती जागा कुणाची तरी असणार. शामला म्हणावं, तिथल्या एखाद्या माणसाला विचारून घे.

मेच्या सुट्टीत दोघांना इकडे पाठव. आमरस घालून त्यांना असं जड करून पाठवते की कुठलीच गाडी ओढणार नाही.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप आणि मला विसरू नका.

तुझी नणंद
कमळा


नाशिक
१९ एप्रिल १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचा चौकोनी वणव्याचा प्रश्न ह्यांना वाचून दाखवला तेव्हा खूप हसले.

डोंगरात जाणं सध्या थांबवलं आहे. ऊन फार झालं आहे. आभाची परीक्षा झाली, पण नीट जेवत नाही. उन्हाचंच असेल. तनय मजेत आहे. ह्यांना कंपनीत काम खूप आहे. विशेष काही नाही.

आंबे अजून महाग आहेत. तब्येतीची काळजी घ्या. मुलांना कधी पाठवायचं ते नंतर कळवते.

तुमची
सुधा


नाशिक
२६ एप्रिल १९९९

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्रात मी मजेत आहे असं लिहायचं असतं. पण मी मजेत नाही.

डोंगरात शेवटचं गेलो त्या रविवारी आम्ही काळ्या मैदानावर गाड्या फिरवल्या. आईनेपण फिरवली. मग बाबा टेम्पोतून पाणी आणायला गेले. मी, आई आणि तनय झाडाखाली बसलो होतो. तेव्हा एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. तिने मैदान बघितलं आणि हंडा खाली ठेवला. तिचं नाव नवसाबाई. ती म्हणाली की हा आमचा राब हाय. थंडीपासून ती आणि तिची सासू डोक्यावरून पाला, काटक्या आणि शेण वाहतात. ते पसरतात, वर माती टाकतात आणि भाजतात. पाऊस आला की त्यात नागलीचं आणि भाताचं बी टाकतात. रोपं मोठी झाली की शेतात लावतात. राब नसला की रोपं होत नाहीत. आमच्या चाकांनी वरची माती उखडली होती आणि वारा राख घेऊन चालला होता. मला ती उडताना दिसत होती.

तिने आईला विचारलं की ताई, हे कोणी केलं, तुम्ही पाह्यलं का. आई म्हणाली की आम्ही आलो तेव्हा असंच होतं.

आत्या, गाड्या तिथेच उभ्या होत्या. टायर काळे होते. माझे बूटपण काळे होते. बाईने माझ्या बुटांकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडणार. पण तिने हंड्यातलं पाणी माझ्या हातांवर ओतलं आणि म्हणाली धू पोरी. मग प्यायला दिलं. मी प्यायले.

बाबा आल्यावर आई फक्त निघूया म्हणाली. बाबांना अजून माहीत नाही. मी आईशी बोलायला गेले की ती भांडी घासायला लागते. ती आधीच घासलेली असतात. तू मोठी आहेस, तू तिला सांग. पण ओरडू नकोस.

तुझी
आभा

ता. क. तनय विचारतो गाडी परत कधी चालवायची. मी त्याच्याशी बोलत नाही.


जळगाव
४ मे १९९९

चि. सौ. सुधा हीस,
अ. उ. आ.

आभाचं पत्र आलं. तिने ते मला लिहिलं असलं तरी ते तुझंच आहे, म्हणून सोबत पाठवते. तिच्यावर रागावू नकोस. तिला तुझी चहाडी करायची नव्हती, मी तुला सांगावं एवढंच हवं होतं. तेच करते आहे.

नणंद म्हणून चार शब्द सुनवायला बसले होते. पण त्या झाडाखाली मी असते तर काय बोलले असते, हे मलाच ठाऊक नाही. माझ्यासमोर कोणी हंडा घेऊन उभं राहिलं नाही, म्हणून मी चांगली. तू वाईट नाहीस, सुधा, तू घाबरलीस. पण घाबरून बोललेलं पोरांनी ऐकलं की ते घरात राहायलाच येतं.

मुलांना पाठव म्हटलं होतं, पण आता लगेच नको. आभा इथे आली तर तिची सुटका होईल आणि तुझीही, आणि त्या बाईचा राब मात्र तसाच राहील. पाऊस यायच्या आत तिथे जा. साडी आणि पेढे नेऊ नकोस. जिने पोरीच्या हातांवर पाणी घातलं तिच्यापुढे पेढ्यांचा पुडा ठेवायचा म्हणजे पुन्हा तिलाच अवघडवायचं. शामला घेऊन जा. चौकोन दिसलाच नाही असं तो म्हणाला तर मला कळव, मी त्याचा कान धरायला येते.

माझं प्रेम या पत्राने कमी झालेलं नाही, हे शेवटी मुद्दाम लिहिते.

कमळा


नाशिक
१० मे १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आभाचं पत्र बाथरूमची कडी लावून वाचलं. नळ सोडून ठेवला होता.

ती ओरडत आली असती, तिने शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित खरं बोलले असते. पण तिने मला ताई म्हटलं. मी पाहिलं असेन तर मदत करीन, अशा भरवशाने विचारलं. आणि माझ्या तोंडातून ते वाक्य इतकं गुळगुळीत बाहेर आलं की जणू आत तयारच होतं. तिने आभाच्या हातांवर पाणी ओतलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. तेव्हापासून दुसरीकडेच बघते आहे.

परवा तनयने बशी फोडली. मी विचारलं तर म्हणाला, मी आलो तेव्हा अशीच होती. तोच सूर, वन्सं, माझाच. मान थोडी कलती आणि आवाज गोड. आभा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून खोलीत गेली. मी त्याला न रागवता बशीचे तुकडे वेचले.

रात्रीची जेवणं झाल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, भिकनबरोबर काहीतरी पाठवून देऊ. मी नको म्हटलं. मग म्हणाले की तो चौकोन त्यांनाही खटकला होता. पण मागचं चाक त्यावर इतकं सुरेख घसरायचं, की कुणाला विचारलं आणि त्याने नाही म्हटलं तर, म्हणून विचारलंच नाही. तुम्ही कान धरायला यायची गरज राहिली नाही.

येत्या रविवारी जातो आहोत. मुलांनाही नेणार आहे. त्यांच्यासमोर खोटं बोलले, तर खरंही त्यांच्यासमोरच बोलायला हवं.

या भावजयीला पदरात घेतलंत, तसंच राहू द्या.

सुधा


नाशिक
३१ मे १९९९

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मुलांना शाळा सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडे पाठवते. त्याआधी इथलं सांगते, म्हणजे तुम्हाला आभाला काही विचारावं लागणार नाही.

गेलो तेव्हा नवसाबाईचा नवरा लहानू अंगणात दोर वळत बसला होता. सासू, चांगुणाबाई, दारात. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तो राब आम्ही नासला आणि मी खोटं बोलले. वाक्य लहान होतं, पण सांगताना दोनदा अडले.

वन्सं, मला वाटत होतं की आम्ही राख उडवली एवढंच आमचं पाप. तसं नव्हतं. नवसाबाईने त्याच दिवशी घरी सांगितलं होतं की शहरातल्या गाड्यांनी केलं. तर नवरा आणि सासू तिलाच म्हणाले की तूच विचारलंस आणि त्यांनी नाही म्हटलं, मग एवढी शिकलेली बाई लेकरांदेखत खोटं कशाला बोलंल? राबाभोवती काटेरी झापं, म्हणजे काट्यांचं कुंपण, लावायची राहिली होती, म्हणून गुरं शिरली असणार, सगळा दोष हिचा, असं ठरलं. महिनाभर ती दोघांचं ऐकून घेत होती. घरात तिच्या शब्दापेक्षा माझा शब्द मोठा ठरला.

मी सांगून संपवलं तेव्हा ती माझ्याकडे नाही, सासूकडे वळून म्हणाली, आता ऐकलं ना? सासूने पदर तोंडाला लावला. मग लहानू बोलला. शेजारची माणसं गोळा झाली होती, त्यांच्यासमोर पुष्कळ बोलला. हे मान खाली घालून ऐकत होते. एकदा मला वाटलं की म्हणावं, मुलांसमोर नको. पण गिळलं.

नवा राब भाजायचा तर पाला कुठून आणायचा? डोंगर तर ओरबाडून झालेला. लहानू कुचेष्टेने म्हणाला की पाला काय तुमच्या बंगल्यातनं आणता? परतताना टेम्पोत ह्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण कुचेष्टेने नाही.

आमच्या रस्त्यावर रोज सकाळी पाला झाडून कोपऱ्यात जाळतात. मी घरोघरी गेले आणि आंब्याचा, जांभळाचा, अशोकाचा पाला साठवून द्या म्हणाले. प्रत्येक दारात विचारायचे, कशाला. प्रत्येक दारात सांगितलं. पहिल्या घरी जीभच वळेना. पुढे वळू लागली, पण सोपं झालं असं म्हणणार नाही. समोरच्या काकू म्हणाल्या की एवढ्याशा राखेसाठी कोणी इतकं करतं का, तुम्ही फारच मनाला लावून घेता. मला ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. शेण आनंदवलीच्या गोठ्यातून घेतलं. भिकनने तोंड वाकडं केलं, पण टेम्पो दिला.

आमचा पाला पाहून नवसाबाई कपाळाला हात लावून बसली. त्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, तुटका कंगवा. हे भाजलं तर बी करपंल, लय घाण आणली ताई, असं म्हणाली. मग आभा आणि तनय दिवसभर त्यातलं प्लॅस्टिक वेचत बसले. मी शेण पसरलं ते तिला पटलं नाही. तिने हाताने सारखं केलं आणि मला पुन्हा करायला लावलं. ह्यांनी माती चाळून वर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, तिने एका कडेने पेटवला. ज्वाळा नाहीच, नुसता दाट धूर आत आत सरकत गेला. या खेपेला भोवती काटेरी झापं आम्ही लावली. माझ्या तळहातांत अजून काटे आहेत.

पहिल्यासारखा झाला का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. थंडीतला पाला वेगळा, हा आपला भागवायचा. रोपं किती येतील ते तिलाही ठाऊक नाही.

धूर निवत होता तेव्हा वाटेवरून हरसूलच्या बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या. एकीने नवसाबाईला विचारलं, ही कोण माणसं. ती म्हणाली, आमचा राब ज्यांनी गाड्यांखाली नासला ना, ती. मी वाट पाहिली की, पण आता आले बिचारे, असं काहीतरी ती पुढे जोडेल. तिने काही जोडलं नाही. त्या सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, हो, आम्हीच. माझ्या मागून अजून एकदा तेच शब्द आले, बारीक आवाजात. आभा होती. इतके दिवस माझ्यापासून हातभर लांब राहायची, ती येऊन शेजारी उभी राहिली. माझा हात तिने धरला नाही. मीही पुढे केला नाही.

तुमचा लोभ वाढावा असं या वेळी मागवत नाही. आहे तेवढा राहू द्या.

तुमची
सुधा